अरबी समुद्र शांत होता, हे कुणी सांगितलं?

मे महिना संपत आला की आपल्याकडे दोन मेसेज हमखास फिरायला लागतात. पहिला असा, की '६ जून १८८२ रोजी मुंबईत महाचक्रीवादळ आलं आणि एक लाख माणसं मेली'. दुसरा असा, की 'निसर्ग हे १२९ वर्षांत मुंबईवर आलेलं पहिलं चक्रीवादळ'. कोपरीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे दोन्ही मेसेज एकाच गृहस्थांनी एकाच सकाळी टाकले, आणि खाली वीस-पंचवीस जणांनी हात जोडले. मेसेज दोन्ही चुकीचे आहेत, पण दोन्हींच्या चुकीत आपल्या समुद्राचा इतिहास दडलाय. म्हणून जरा लांबचं लिहितोय, सवडीने वाचा.

आधी १८८२ चं बघू. जगातल्या सर्वांत जीवघेण्या वादळांच्या याद्यांमध्ये हे 'बॉम्बे सायक्लोन' वर्षानुवर्षं ऐटीत बसलेलं आहे. पुस्तकांत आहे, वर्तमानपत्रांत आहे. लेखक अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' हे पुस्तक लिहिताना आणि कोलंबिया विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल यांनी मुंबईचा वादळधोका अभ्यासताना याचा माग काढला. हाती काय लागलं? काहीच नाही. असं वादळ झालंच नव्हतं. कुणीतरी कधीतरी कुठेतरी लिहिलं, पुढच्याने मागच्याचं उतरवलं आणि एक लाख मुडदे कागदावर तयार झाले. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, पण फॉरवर्ड करायची सवय होती असं दिसतं.

खरं तर यासाठी कोलंबिया विद्यापीठापर्यंत जायची गरज नव्हती. साधं गणित करा. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती ७ लाख ७३ हजार १९६. त्यातले एक लाख गेले म्हणजे दर आठ माणसांमागे साधारण एक गेला. अशा शहरात पुढची दोन-तीन वर्षं दुसरा विषय निघाला नसता. आणि प्रत्यक्षात काय चाललं होतं? त्याच जुलैमध्ये मुंबईच्या हायकोर्टात कोल्हापूरचं बर्वे प्रकरण उभं होतं. टिळक आणि आगरकरांना शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. महिना-सव्वा महिन्यापूर्वी लाखभर माणसं बुडालेल्या शहराचं कोर्ट इतकं निवांत चाललं असतं का? कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून आहे, हवामान खातं १८७५ ला सुरू झालेलं आहे. इतकं मोठं वादळ या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून निसटणं शक्य नव्हतं.

मग मुंबई-ठाण्यावर वादळं आलीच नाहीत का? तर आली, आणि चांगली सणसणीत आली. खोट्या वादळाची गोष्ट इतकी मोठी झाली की खरी वादळं तिच्या मागे झाकली गेली, हे मला जास्त खटकतं.

सगळ्यांत जुनी ठळक नोंद आपल्या शेजारची, वसईची. मे १६१८. पोर्तुगीजांचा अंमल होता. वाऱ्याने घरं पाडली, माड मुळासकट उपटले, चर्चच्या इमारती मोडल्या, समुद्र आत घुसला, गलबतं बुडाली. या पट्ट्यात मिळून सुमारे दोन हजार माणसं गेल्याचं तेव्हाच्या वृत्तांतात आहे. आजच्या लोकसंख्येच्या हिशेबात बसवून बघा हा आकडा. त्यानंतर १७४० आणि १७८३. या दुसऱ्या वादळात मुंबई बंदरात चारशे माणसं बुडाल्याची नोंद आहे.

आणि मग येतं १ नोव्हेंबर १८५४. हे वादळ आपल्या अगदी अंगणातलं, तरी ठाण्यात कुणाला विचाराल तर माहीत नसतं. तो काळ आठवा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आपल्या ठाण्यापर्यंत पहिली गाडी आली, त्याचे पुतळे, फलक, कार्यक्रम सगळं आपण करतो. १ मे १८५४ ला रूळ खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेले. खाडीवरचा तो रेल्वेमार्ग सहा महिन्यांचा असताना हे वादळ आलं. मुंबई बंदरात चार तासांत पाच लाख पौंडांची मालमत्ता गेली आणि हजारभर माणसं मेली असं जुन्या नोंदी सांगतात. पहिली गाडी शाळेच्या पुस्तकात आहे. दीड वर्षानंतर आलेलं वादळ मात्र नाही.

१८८८ च्या नोव्हेंबरमध्ये 'वैतरणा' नावाची आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ती वादळात सापडली आणि सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. त्यात लग्नाची वऱ्हाडं होती, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली पोरं होती. नाव आपल्या वैतरणेचं, पण तिची लोकगीतं गुजरातने जपली.

(जाता जाता: 'रामदास' बोट वादळात बुडाली असं अनेक जण सांगतात. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेवर बळी. ती पावसाळी खवळलेल्या समुद्रात, लाटेने कलंडून गेली. चक्रीवादळ नव्हतं ते. तसंच २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तोही चक्रीवादळाचा नव्हता. सगळ्याला वादळ म्हणायची आपली सवय आहे.)

रामदासनंतर सव्वा वर्षाने, २१-२२ नोव्हेंबर १९४८ ला मात्र चक्रीवादळाने मुंबईला खरंच गाठलं. ३८ मृत आणि ४७ बेपत्ता असे आकडे सांगितले जातात. फाळणीला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. कल्याणच्या लष्करी कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं बराकींमध्ये राहत होती. समुद्र ओलांडून इकडे आलेल्या त्या माणसांच्या डोक्यावरून पहिल्याच एक-दोन वर्षांत हे वादळ गेलं. उल्हासनगरला किंवा कोपरी कॉलनीत ज्यांचे आजी-आजोबा त्या वेळचं सांगत असतील त्यांनी ते लिहून काढावं. ही नोंद आपल्याकडे फार पातळ आहे.

आता '१२९ वर्षांनी' हा आकडा आला कुठून ते सांगतो. हवामान खात्याची वादळांच्या मार्गांची सलग नोंद १८९१ पासूनची आहे. २०२० मधून १८९१ वजा करा. १२९. म्हणजे हे वहीचं वय आहे, दोन वादळांमधलं अंतर नाही! 'नोंद सुरू झाल्यापासून जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असं तीव्र वादळ आलेलं नाही', असं मूळ म्हणणं होतं. चॅनेलवाल्यांनी त्यातला 'जून' गाळला, 'तीव्र' गाळलं, 'नोंद' गाळली, आणि उरलं ते फिरवलं. मी याच धंद्यात आहे, हे कसं होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मथळ्यात तीन शब्द मावत नाहीत.

नाहीतर १९४८ राहू द्या, २००९ चं फयान तरी लोकांना आठवायला हवं होतं. ११ नोव्हेंबर २००९, दुपारी अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये ते जमिनीवर आलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या कित्येक बोटी तेव्हा समुद्रात होत्या आणि अनेक घरांतले कर्ते पुरुष परत आले नाहीत. इशारा वेळेवर पोचला नाही ही तक्रार तेव्हाच्या प्रत्येक बंदरावर ऐकू येत होती.

१८५४, १८८८, १९४८, २००९, हे चारही नोव्हेंबर. यात योगायोग नाही. चक्रीवादळाला साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं पाणी लागतं, आणि वरच्या-खालच्या हवेतले वारे एकमेकांना छेद देणारे नसावे लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे मोसमी वारे इतके जोरात असतात की वादळाचा मनोरा उभा राहण्याआधीच मोडतो. म्हणून भर पावसात चक्रीवादळ सहसा येत नाही. पावसाच्या अलीकडे, मे-जूनमध्ये, आणि पलीकडे, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ही दोन दारं उघडी असतात. आता मासेमारीबंदीचं वेळापत्रक शेजारी ठेवा: १ जून ते ३१ जुलै. नारळी पौर्णिमेनंतर होड्या जोमाने बाहेर पडतात, दिवाळीच्या सुमाराला समुद्रात सगळ्यांत जास्त माणसं असतात, आणि दुसरं दार नेमकं तेव्हाच उघडं असतं.

मिठबंदरावर चेंदणी कोळीवाड्यातले एक काका भेटतात, ऐंशीच्या पुढचे. ते 'वादळ' आणि 'तुफान' हे शब्द वेगळे वापरतात. पावसाळ्यात येतं ते वादळ, पाऊस गेल्यावर येतं ते तुफान. वादळाची माणूस वाट बघत असतो, तुफान फसवतं, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की काय करायचं हे सांगावं लागत नसे, आता मोबाईलवर दिवसाला चार इशारे येतात आणि त्यातला खरा कुठला ते कळत नाही, हेही त्यांचंच. यातलं दुसरं मला पूर्ण पटत नाही, कारण इशाऱ्यांनी माणसं वाचलीत. पण ते म्हणतात त्यात तथ्य नाही असंही नाही.

पूर्वीची गणितं अशी होती की बंगालच्या उपसागरात चार वादळं झाली तर अरबी समुद्रात एक, आणि त्यातलंही बरचसं ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे जायचं. ९ जून १९९८ ला कांडल्याला गेलेलं वादळ आठवत असेल. सरकारी आकडाच हजाराच्या पुढे होता, मिठागरांतले मजूर तर मोजलेच गेले नाहीत असं लोक सांगतात. तर हे 'आपल्याकडे येत नाही' प्रकरण इतकं अंगवळणी पडलं की किनाऱ्यावरची आपली सगळी बांधाबांध त्या भरवशावर झाली.

तो भरवसा गेल्या वीसेक वर्षांत ढिला झाला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांचा २०२१ चा अभ्यास सांगतो की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळांची दीडशे टक्क्यांनी. त्याच काळात बंगालच्या उपसागरातली संख्या ८ टक्क्यांनी घटली. कारण पाण्याचं तापमान. चार दशकांपूर्वीच्या तुलनेत अरबी समुद्राचा पृष्ठभाग सव्वा अंशाच्या आसपास तापलाय. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ताप १०० चा १०१ झाला तरी आपण मुलाला शाळेत पाठवत नाही.

वर्षांवर नजर टाका. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी आलं. केरळ-तमिळनाडूकडच्या ६८ बोटी आणि ९५२ मच्छीमार जीव मुठीत धरून थेट आपल्या देवगडला लागले. ५ डिसेंबरला मुंबई-ठाण्यातल्या शाळा बंद ठेवल्या, आणि ६ डिसेंबरसाठी शिवाजी पार्कवर जमलेल्या भीमसैनिकांना पावसामुळे मंडपातून शाळांमध्ये हलवावं लागलं. २०१९ ला तर एकट्या अरबी समुद्रात पाच वादळं झाली, वायू, हिक्का, क्यार, महा, पवन. क्यार जमिनीवर आलंच नाही, तरी त्याच्या पावसाने ऑक्टोबरच्या शेवटी कापणीला आलेला भात झोपवला. कोकणात झोपवला तसाच आपल्या मुरबाड-शहापुरातही. शेतात कापून ठेवलेल्या भाताला मोड आलेले फोटो तेव्हा आम्ही छापले होते. मुंबईच्या चॅनेलांनी ते वादळ 'टळलं' म्हणून सांगितलं.

आणि ३ जून २०२०. निसर्ग. टाळेबंदी चालू, लोकल बंद, माणसं आधीच घरात. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला ते जमिनीवर आलं, वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. संध्याकाळी आपल्याकडे 'मुंबई वाचली' असं म्हणून सगळे चहा प्यायला मोकळे झाले. त्या वेळी श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मंडणगड, दापोली इथल्या वाड्यांमध्ये काय उरलं होतं? आजोबांनी लावलेल्या नारळी-पोफळी. पोफळीला उत्पन्न यायला सात-आठ वर्षं लागतात. शासनाने बागायतीची मदत हेक्टरी ५० हजारांपर्यंत वाढवली, पण कोकणात हेक्टर कुणाकडे असतो? वाडी गुंठ्यात असते, आणि त्या गुंठ्यात दहा वाटेकरी. कोपरीत, कळव्यात, डोंबिवलीत राहणाऱ्या किती कुटुंबांचं गावचं घर त्या पट्ट्यात आहे हे वेगळं सांगायला नको. एसटी नाही, गाडीला पास लागतो, फोन लागत नाही, अशा अवस्थेत लोकांनी आठ-दहा दिवस काढले.

आपण का वाचलो, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण तो निव्वळ बाजूचा खेळ होता. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतं. ते ईशान्येकडे सरकत जमिनीवर चढतं तेव्हा त्याच्या उजव्या हाताला वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि पाण्याला आत ढकलतो. डाव्या हाताला उलट, वारा जमिनीकडून समुद्राकडे. निसर्गच्या उजव्या हाताला श्रीवर्धन-दापोली होती, डाव्या हाताला मुंबई आणि आपण. वादळाचा मार्ग शंभरएक किलोमीटर उत्तरेला असता तर मुंबई बंदर आणि ठाणे खाडी उजव्या हाताला आली असती.

खाडी ही इथली खरी गोष्ट आहे. तोंडाशी, मुंबई बंदराकडे, ती कित्येक किलोमीटर रुंद, आणि मिठबंदर-कळव्याकडे येईपर्यंत चिंचोळी. नरसाळ्यासारखी. तोंडातून ढकललेलं पाणी पुढे पसरायला जागा मिळत नाही, मग ते चढतं. त्यात उधाणाची भरती असली तर आधीच साडेचार-पाच मीटर पाणी, त्यावर वादळाचं एक-दोन मीटर. ओहोटीला आलं तर निभावतं, भांगाला आलं तरी बरंच निभावतं. म्हणजे मुंबई-ठाण्यात पाणी कुठवर शिरेल ते वारा किती यावर जितकं, तितकंच घड्याळावरही आहे.

या नरसाळ्याच्या कडेला आपल्याकडे दोन गोष्टी होत्या, खारफुटी आणि मिठागरं. पाणी चढलं की आधी तिथे पसरायचं. ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य केलं २०१५ मध्ये, रामसरचा दर्जा मिळाला २०२२ मध्ये. आनंद आहे, पक्ष्यांचे फोटो आम्हीही छापतो. पण मुलुंड-भांडुपच्या मिठागरांवर घरं बांधायची चर्चा निघते तेव्हा ती 'पडीक जमीन' असते. पाण्याच्या दृष्टीने ती कधीच पडीक नव्हती.

१७ मे २०२१ ला तौक्ते आपल्यापासून शंभर-दीडशे किलोमीटर लांबून, समुद्रातूनच गुजरातकडे गेलं. तरीही कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला, सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला, तोही मे महिन्यात. कोविडची दुसरी लाट होती. दहिसर, बीकेसी आणि आपल्या नाक्यापलीकडच्या मुलुंडच्या जम्बो केंद्रांतून ५८० रुग्ण आधीच हलवले गेले. चांगलं काम झालं, मान्य करायला हवं. त्याच दिवशी बॉम्बे हायजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा तराफा २६१ माणसांसह नांगर तुटून वाहत गेला आणि बुडाला. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून शेकड्याने माणसं काढली, तरी सत्तरहून अधिक कामगार गेले. इशारा तीन-चार दिवस आधीपासून होता. म्हणजे २००९ ला इशारा पोचला नाही म्हणून माणसं गेली, २०२१ ला पोचूनही गेली.

ओडिशाचं उदाहरण देतात ते उगाच नाही. १९९९ च्या महावादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. वीस वर्षांनी फनी आलं, बारा लाख लोक आधी हलवले, मृतांचा आकडा ६४ वर थांबला. त्यांनी निवारे बांधले, गावागावात सराव केले. आपल्याकडे राष्ट्रीय चक्रीवादळ प्रकल्पातून अलिबाग-रत्नागिरीला भूमिगत वीजवाहिन्यांचं काम हाती घेतलं गेलं. पण मुंबई-ठाणे-कल्याणचं काय? इथे बारा लाख माणसं हलवायची म्हटलं तर नेणार कुठे? आपल्याकडे पावसाळ्याआधी नालेसफाईचे फोटो येतात, अतिधोकादायक इमारतींची यादी येते, झाडांच्या फांद्या छाटल्या जातात. यातली प्रत्येक गोष्ट पावसासाठी आहे. खाडीतून येणाऱ्या पाण्यासाठी यात काही नाही. आणि सगळी तयारी ३१ मे डोळ्यांसमोर ठेवून असते. नोव्हेंबरसाठी कुणी बैठक घेत नाही.

येत्या प्रभाग समितीच्या बैठकीला जाणाऱ्यांनी एकच विचारावं. उधाणाच्या भरतीवर दोन मीटर पाणी चढलं तर मिठबंदर, चेंदणी, कोपरी गाव, खाडीपलीकडे कळवा-विटावा, इथे पाणी कुठल्या गल्लीपर्यंत येईल, आणि त्या गल्लीतल्या तळमजल्यावरच्या माणसांनी त्या रात्री कुठल्या शाळेत जायचं? शाळेचं नाव आणि किल्ली कुणाकडे असते, एवढं लेखी मागा. उत्तर मिळालं की मी इथेच टाकतो.